इंग्रजी रिव्ह्यूसाठी ग्रामर चेकर: स्पेलिंगला झकास, टेन्सच्या बाबतीत मात्र जपून

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. ब्राउझरला जोडून चालणारं ग्रामर चेकर आहे, मी त्याचं पैसे भरायचं व्हर्जन वापरते, आणि इंग्रजीत रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नजरेने त्याला पाचपैकी तीन स्टार. स्पेलिंग, ए-ॲन-द, एकवचन-अनेकवचन, क्रियापदाला एस कुठे लागतो कुठे नाही, या सगळ्यात ते पक्कं आहे. दोन स्टार कापलेत ते फक्त टेन्सच्या सल्ल्यांसाठी. एवढ्याशा गोष्टीला दोन स्टार का असं वाटेल, पण रिव्ह्यूमध्ये टेन्स बदलला की नुसतं व्याकरण बदलत नाही, माहितीच बदलते, आणि वाचणारा त्या माहितीवर पैसे खर्च करणार असतो. टूलचं नाव टाकत नाहीये कारण माझा मुद्दा कंपनीबद्दल नाहीये, तुम्ही जे वापरत असाल त्याच्यावर खाली दिलेली वाक्यं टाकून बघा आणि स्वतः ठरवा.

पुस्तकं, सिनेमे, गॅजेट्स, कधीमधी हॉटेलचा मुक्काम, यांचे रिव्ह्यू इंग्रजीत लिहिणं हे माझं कामच आहे, त्यामुळे हे टूल दिवसभर उघडं असतं आणि त्याचे गुण-दोष दोन्ही बऱ्यापैकी ओळखीचे झालेत.

आधी गुण. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांची एक हमखास चूक असते, "आय ॲम यूजिंग धिस फोन सिन्स थ्री मंथ्स". आपण "तीन महिने झाले वापरतेय" म्हणतो, म्हणजे चालू वर्तमानकाळ, आणि तोच इंग्रजीत उतरतो. इंग्रजीला तिथे "हॅव बीन यूजिंग" लागतं, आणि तीन महिने ही मुदत आहे म्हणून "फॉर थ्री मंथ्स", आणि कधीपासून ते सांगायचं असेल तर "सिन्स मार्च". टूल या दोन्ही गोष्टी न चुकता पकडतं आणि बाजूच्या छोट्या चौकटीत कारणसुद्धा देतं, ते कारण समजेल अशा भाषेत असतं, हे मला फार आवडलं. तसंच "द फोन इज हॅविंग अ गुड कॅमेरा" हे लगेच "द फोन हॅज" करून देतं, कारण मालकी सांगणाऱ्या हॅवला इंग्रजीत आयएनजी लावत नाहीत. ब्रिटिश आणि अमेरिकन असं सेटिंग आहे आणि ते फक्त कलरच्या स्पेलिंगपुरतं नाहीये, म्हणजे ब्रिटिश ठेवलं तर "आय जस्ट रिसीव्ह्ड द पार्सल"च्या जागी "आय हॅव जस्ट रिसीव्ह्ड" सुचवतं आणि अमेरिकन ठेवलं तर पहिल्याला हात लावत नाही, जे अगदी बरोबर आहे, अमेरिकेत जस्ट आणि ऑलरेडीसोबत साधा भूतकाळ सर्रास चालतो. नुकतंच इंग्रजीत रिव्ह्यू टाकायला लागलेल्या माणसाला एवढंच मिळालं तरी पुष्कळ आहे.

आता दोष, आणि इथे जरा सविस्तर लिहिते.

टूलमध्ये एक सूचना येते, तिचा अर्थ असा की तुमच्या परिच्छेदात काळ एकसारखा नाहीये, एकसारखा करू का. खाली बटण असतं, दाबलं की सगळी क्रियापदं एका काळात. निबंध किंवा गोष्ट लिहिणाऱ्याला हे उपयोगाचं असेलही, कारण गोष्टीत "तो आला" नंतर उगाच "तो बसतो" आलं की खटकतं. पण रिव्ह्यू हा मुळातच दोन काळांत चालणारा प्रकार आहे. त्यात काही वाक्यं वस्तूबद्दल असतात, ती आज कशी आहे, उद्याही तशीच असेल असं सांगणारी, आणि काही वाक्यं त्या वस्तूसोबत माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगणारी. पहिली वर्तमानात, दुसरी भूतकाळात. वाचणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही, तो आपोआप ओळखतो, कुठलं वाक्य स्वतःला लागू आहे आणि कुठलं फक्त लिहिणाऱ्याचा अनुभव म्हणून घ्यायचं ते.

हेडफोनच्या एका रिव्ह्यूचा तुकडा घ्या. "आय बॉट दीज हेडफोन्स इन मार्च. द इअर पॅड्स आर सॉफ्ट अँड द हेडबँड डझ नॉट पिंच. ऑन अ लाँग फ्लाइट द बॅटरी लास्टेड टिल लँडिंग, बट द लेफ्ट साइड डिस्कनेक्टेड ट्वाइस." पाच क्रिया भूत-वर्तमान अशा मिसळलेल्या आहेत आणि पाचही जागच्या जागी बरोबर आहेत. खरेदी एकदाच झाली, भूतकाळ. पॅड मऊ आहेत, आजही आहेत, तुम्ही घेतलेत तरी मऊच असणार, वर्तमान. त्या प्रवासात बॅटरी पुरली आणि डाव्या बाजूचं कनेक्शन दोनदा तुटलं, हे त्या दिवशी झालं, भूतकाळ. टूलने यावर पिवळी रेघ मारली. बटण दाबल्यावर पॅडचं झालं "वेअर सॉफ्ट" आणि हेडबँडचं "डिड नॉट पिंच".

आता हे वाचा. "द इअर पॅड्स वेअर सॉफ्ट." व्याकरणात काडीची चूक नाही, पण वाचणारा लगेच विचारणार, होते म्हणजे? आता नाहीत का? परत केले, हरवले, की महिन्याभरात कडक झाले? भाषाशास्त्रात याला लाइफटाइम इफेक्ट म्हणतात, "हर अंकल वॉज टॉल" असं कुणी म्हटलं की ऐकणारा समजतो काका आता हयात नाहीत, कारण उंची काही येत-जात नाही, ती कायमची असते, मग तिला भूतकाळ लावला म्हणजे माणूसच गेला असणार. वस्तूंच्या कायमच्या गुणांचंही तसंच. मऊपणा, वजन, बटणांची जागा, पुस्तकाचा आकार, हॉटेलच्या खोलीची खिडकी कुठे उघडते, यांना वॉज लावला की वस्तूची वासलात लागल्याचा वास येतो. "इट वॉज अ गुड फोन" हे वाक्य कुणीही फोन खिशात असताना म्हणत नाही.

मग बटणाच्या खाली बाण आहे, त्यातून वर्तमानकाळ निवडता येतो. तोही निवडून बघा. पॅडची वाक्यं शाबूत राहिली, पण शेवटी काय झालं तर "द लेफ्ट साइड डिस्कनेक्ट्स". दोनदा हा शब्दसुद्धा टूलने ठेवला, म्हणजे "डिस्कनेक्ट्स ट्वाइस", ज्याचा धड अर्थच लागत नाही. आणि ट्वाइस काढून टाकला तर आणखी पंचाईत, कारण "द लेफ्ट साइड डिस्कनेक्ट्स" म्हणजे हे हेडफोन असेच आहेत, यांची डावी बाजू तुटतेच, तुम्ही घ्याल त्याचीही तुटेल. माझ्या हातात एकच नग होता, एकच प्रवास होता, आणि विमानात आजूबाजूला शंभर उपकरणं चालू असतात. तेवढ्यावर सगळ्या मॉडेलवर शिक्का मारायचा? "डिस्कनेक्टेड ट्वाइस" मध्ये तक्रार आहे आणि ती किती मोठी आहे तेही आहे. "डिस्कनेक्ट्स" मध्ये थेट आरोप आहे. दोन्हींच्या मध्ये फक्त इडी आणि एस एवढाच फरक, आणि टूलला तो टापटिपीचा प्रश्न वाटतो.

टेक रिव्ह्यू लिहिणारे यात खूप काटेकोर असतात आणि असायलाच पाहिजे. "द बॅटरी लास्ट्स नाइन अवर्स" हे जाहिरातीचं वाक्य आहे, कंपनी लिहिते तसं. "द बॅटरी लास्टेड नाइन अवर्स इन माय टेस्ट" हे मोजमापाचं वाक्य आहे, मोजलं, इतकं आलं, तुमचं वेगळं येऊ शकतं. मोजलेली गोष्ट भूतकाळात आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वर्तमानात, "द बॅटरी लास्टेड नाइन अवर्स, सो इट इज इनफ फॉर अ वर्कडे". एकाच वाक्यात दोन काळ आणि त्यातच सगळा प्रामाणिकपणा. संशोधनाच्या लेखनात एपीए पद्धत, म्हणजे अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशनचे लेखनाचे नियम, हेच सांगते, निकाल भूतकाळात लिहा, त्यांचा अर्थ आणि निष्कर्ष वर्तमानात. म्हणजे काळ मिसळणं ही काही गबाळ लिहिणाऱ्यांची सवय नाहीये, नियम म्हणून छापलेली गोष्ट आहे. टूलला मात्र या वाक्यातही रेघ मारावीशी वाटते.

हॉटेलच्या रिव्ह्यूत तर हे फार नाजूक होतं. "द रूम ओव्हरलुक्स द पार्किंग लॉट" वर्तमानात हवं, खोली उठून कुठे जाणार नाहीये. "द रिसेप्शनिस्ट वॉज रूड" भूतकाळात हवं, कारण एका रात्री एका थकलेल्या माणसाशी माझी गाठ पडली, बस. तेच "द स्टाफ इज रूड" केलं की सगळा स्टाफ, सगळ्या शिफ्टा, कायमचे उद्धट ठरले. नोकरी करणाऱ्या माणसांबद्दल लिहिताना मी तरी टूलच्या भरवशावर राहणार नाही. आणि उलट बाजूनेही बघा, जिथे गोष्ट खरंच कायमची आहे तिथे भूतकाळात लिहिणं म्हणजे वाचणाऱ्यापासून लपवणं. "द बाथरूम हॅड नो विंडो" लिहिलं तर त्याला वाटेल माझ्या खोलीत नव्हती, दुसऱ्या खोलीत असेल. सगळ्याच खोल्यांत नाहीये हे विचारून घेतलं असेल तर "द बाथरूम्स हॅव नो विंडोज" असंच स्पष्ट लिहायला हवं.

आता एक गोष्ट जी या टूलच्या दुसऱ्या फीचरशी जोडलेली आहे. त्यात टोन निवडता येतो, आणि "कॉन्फिडंट" निवडलं की ते हळूच भूतकाळातली वाक्यं वर्तमानात आणायला लागतं. "आय फाउंड द इंटरफेस कन्फ्यूजिंग"चं "द इंटरफेस इज कन्फ्यूजिंग". हे ते उगाच करत नाहीये, त्यामागे खरंच काहीतरी आहे. 2023 साली जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये ग्रँट पॅकर्ड, जोना बर्गर आणि रेहाने बोघराती यांचा एक अभ्यास आला, त्यात 5 लाखांहून जास्त ऑनलाइन रिव्ह्यू कॉम्प्युटरने तपासले आणि दिसलं असं की ज्यांत वर्तमानकाळ जास्त ते रिव्ह्यू लोकांना जास्त उपयोगी वाटतात. शिवाय त्यांनी प्रयोगही केले, तेच वाक्य वॉज ऐवजी इज करून दाखवलं तर त्याचा प्रभाव वाढतो, आणि कारण हे की वर्तमानकाळात बोलणारा माणूस स्वतःच्या बोलण्याबद्दल जास्त खात्रीचा वाटतो.

हे वाचून बऱ्याच जणांनी सल्ला काढला की रिव्ह्यू वर्तमानात लिहा, लाइक्स जास्त मिळतील. माझं मत बरोबर उलट आहे. वर्तमानकाळ वाचणाऱ्याला खात्री देतो हे जर सिद्ध आहे, तर जिथे मला स्वतःला खात्री नाही तिथे तो वापरणं म्हणजे खोटी खात्री विकणं. एकदा वापरलेल्या गोष्टीबद्दल छातीठोक इज लिहायचं नाही. सहा महिने रोज वापरलेल्या गोष्टीबद्दल मात्र बिनधास्त इज लिहायचं, तिथे "आय फाउंड" "आय फेल्ट" करत आडोसा घ्यायचा नाही, कारण तिथे तुमच्याकडे खात्री आहे आणि ती वाचणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. टूल मला हे विचारतच नाही की किती दिवस वापरलंस. टोन विचारतं. टोन ही विचारायची गोष्टच नाहीये इथे.

मत देणाऱ्या क्रियापदांचंही तसंच, "आय थिंक द साउंड इज बॅलन्स्ड" आणि "आय थॉट द साउंड वॉज बॅलन्स्ड" यात दुसरं वाचलं की वाटतं पुढे "पण" हा शब्द येणार, तेव्हा वाटलं होतं आता नाही वाटत. तो "पण" येणार नसेल तर थॉट कशाला.

पूर्ण वर्तमानकाळाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि ती अशी की टूल शब्द वाचवायला बघतं. "आय हॅव यूज्ड धिस कीबोर्ड फॉर अ इयर" लिहिलं तर ते म्हणतं हॅव काढा, वाक्य सुटसुटीत होईल. सुटसुटीत होतं, पण "आय यूज्ड धिस कीबोर्ड फॉर अ इयर" म्हणजे वर्षभर वापरला आणि सोडला. का सोडला? बिघडला? दुसरा चांगला मिळाला? एका हॅवमध्ये "अजून माझ्याकडेच आहे आणि चालतोय" ही सगळी बातमी बसलेली आहे आणि घेणाऱ्याला नेमकी तीच बातमी हवी असते. वर्षानंतरचा रिव्ह्यू म्हणून जे लोक शोधत असतात ते हेच शोधत असतात. खाली "मोअर कन्साइज" असं लिहून हिरवी टिक दाखवतात तेव्हा नवशिक्या माणूस ती दाबणारच, त्याचा काय दोष.

आणि गंमत म्हणजे वर "सिन्स थ्री मंथ्स" मध्ये हॅव बीन घालायला लावणारं हेच टूल. एक भाग व्याकरण बघतो, दुसरा भाग लांबी बघतो, आणि दोघांचं आपसात बोलणं नाही.

सेलरने काय सांगितलं ते लिहिताना पण जपा. "द सेलर सेड द वॉरंटी इज टू इयर्स" लिहिलं की टूल इजचं वॉज करतं, कारण शाळेत शिकवलेला नियम, सेडनंतर काळ एक पायरी मागे जातो. नियम आहेच, पण सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर इंग्रजीत इज ठेवायला पूर्ण परवानगी आहे. आणि रिव्ह्यूमध्ये ठेवावाच, नाहीतर वाचणाऱ्याला कळत नाही की दोन वर्षांची वॉरंटी अजून मिळते की तेव्हाची गोष्ट होती. हां, पण सेलर बोलला त्यावर तुमचा विश्वास नसेल किंवा नंतर ते खोटं निघालं असेल तर वॉज लिहा, त्यातून ते अंतर बरोबर दिसतं. आता हे मशीनला कसं कळणार, ते तुम्हालाच माहीत असतं.

पुस्तक आणि सिनेमाचं प्रकरण जरा वेगळं, पण तिथेही टूल घोळ घालतंच. इंग्रजीत कथानक वर्तमानकाळात सांगायची पद्धत आहे, पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीचं असलं तरी. कारण पुस्तक उघडलं की ती मुलगी पुन्हा घर सोडते, दर वेळी सोडते. एमएलए पद्धतही, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचे लेखनाचे नियमही, साहित्यावर लिहिताना वर्तमानच वापरायला सांगते. आपल्याला हे जड जाऊ नये, मराठीत सिनेमाची स्टोरी सांगताना आपण "मग तो येतो, ती चिडते, आणि तेवढ्यात लाइट जातात" असंच सांगतो, कुणी न शिकवता. पण लेखकाने पुस्तक लिहिलं, ते अमुक साली आलं, सिनेमाचं शूटिंग झालं, हे जगात घडलेलं आहे, ते भूतकाळात. म्हणून "द नॉव्हेल, व्हिच केम आउट इन 1998, फॉलोज टू सिस्टर्स" यात केम आणि फॉलोज शेजारी शेजारी असणंच योग्य. टूल फॉलोजचं फॉलोड करायला सांगतं. मी दर वेळी नको म्हणते.

त्यातला एक बारीक भाग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथे चांगले चांगले अडखळतात. कथानक वर्तमानात सांगत असताना त्याच्याही आधी घडलेलं कसं सांगायचं? मुलगी घर सोडते, कारण त्याआधी वडिलांची नोकरी गेलेली असते. "शी लीव्हज होम बिकॉज हर फादर हॅज लॉस्ट हिज जॉब." हॅज, हॅड नाही. हॅड लॉस्ट हे भूतकाळाच्याही मागचं आहे, आणि इथे मागे जायला भूतकाळच नाहीये, पाया वर्तमानाचा आहे, मग एक पायरी मागे म्हणजे पूर्ण वर्तमान. फार जुनी आणि तारीखवार गोष्ट असेल तर साधा भूतकाळही चालतो, "हर फादर लॉस्ट हिज जॉब द इयर शी वॉज बॉर्न". टूल इथे हमखास हॅड सुचवतं आणि त्याचं स्पष्टीकरण वाचलं तर ते इतकं पटण्यासारखं लिहिलेलं असतं की माणूस हो म्हणून जातो. हा सल्ला घेऊ नका. कथानकात हॅड तेव्हाच येईल जेव्हा तुम्ही आख्खं कथानक भूतकाळात सांगायला घेतलं असेल.

मैफल, मॅच, एकदाच झालेला शो, यांचे रिव्ह्यू भूतकाळात, यात वाद नाही, गायक त्या संध्याकाळी जे गायला ते संपलं. इथे टूल गप्प बसतं कारण आपोआप सगळं एका काळात असतं. नाटकाचं मात्र दोन्ही चालतं, प्रयोग अजून सुरू असतील तर "शी प्लेज द मदर विथ ग्रेट रिस्ट्रेंट" वर्तमानात लिहिता येतं, कारण उद्या तिकीट काढणाऱ्यालाही तेच दिसणार, आणि त्याच रिव्ह्यूत "ऑन ओपनिंग नाइट द साउंड फेल्ड फॉर अ मिनिट" भूतकाळात, कारण ते उद्या दिसणार नाही अशी आशा आहे. इतकं स्वच्छ आहे हे.

ॲप आणि सॉफ्टवेअरच्या रिव्ह्यूबद्दल थोडं. इथे वर्तमानकाळ लवकर शिळा होतो. "द ॲप क्रॅशेस ऑन स्टार्टअप" आज खरं असतं, पुढच्या आठवड्यात अपडेट येतं आणि तुमचं वाक्य खोटं होऊन तिथेच पडून राहतं, आणि बनवणाऱ्या माणसांवर विनाकारण डाग. मी दोनपैकी एक करते, एकतर भूतकाळ, "क्रॅश्ड एव्हरी टाइम आय ओपन्ड इट", किंवा वर्तमान ठेवून व्हर्जनचा नंबर सोबत, म्हणजे वाचणारा स्वतः बघेल की आता कितवं व्हर्जन आहे. अपडेटनंतर वाक्य बदलायला परत जाणं तर आलंच, आणि तेव्हा "यूज्ड टू क्रॅश" हे फार कामाचं आहे, आधी व्हायचं, आता होत नाही, दोन शब्दांत. याला मात्र टूल काही म्हणत नाही, चांगली गोष्ट आहे.

सेटिंगबद्दल. टेन्सच्या सूचना पूर्ण बंद करता येतात, पण ते बटण शोधायला लागतं, आणि बंद केलं की "सिन्स थ्री मंथ्स" पकडणारा भागही त्याच्यासोबत बंद होतो, कारण दोन्ही एकाच खात्यात टाकलेत. म्हणजे ज्यासाठी तीन स्टार दिले त्यातला अर्धा भाग गेला. चालू ठेवलं तर प्रत्येक रिव्ह्यूत त्याच त्याच सूचना नाकारत बसा, एका फाइलमध्ये नाकारलेली सूचना दुसऱ्या फाइलमध्ये पुन्हा ताजी होऊन येते. मी सध्या चालूच ठेवलंय आणि एकसारखं करण्याचं बटण कधीच दाबत नाही, एक-एक सूचना उघडून बघते. वेळ जातो, पण सरसकट दाबलेल्या एका बटणाने रिव्ह्यूचा अर्थ फिरण्यापेक्षा बरं. नकार देताना कारण लिहायची सोय असती तर मी रोज लिहिलं असतं, तीही नाहीये, फक्त अंगठा खाली.

फुकटच्या व्हर्जनमध्ये एकसारखं करण्याचं बटण आणि टोनचं फीचर दोन्ही नाहीत, आणि स्पेलिंग, आर्टिकल, सिन्स-फॉर हे सगळं आहे. त्यामुळे फक्त रिव्ह्यू लिहिण्यासाठी घेत असाल तर फुकटचंच घ्या, मी हे मनापासून सांगतेय, पैसे भरून जे जास्तीचं मिळतं नेमकं तेच रिव्ह्यूला नको असतं. ऑफिसचे मेल, अर्ज, रिपोर्ट असं बाकीचंही लिहायचं असेल तर पेड व्हर्जनचा विचार करायला हरकत नाही, त्या कामांत त्याची मदत खरीच होते.

बनवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एकच मागणं आहे. डॉक्युमेंट उघडताना तुम्ही विचारता की वाचक कोण, टोन कसा, हेतू काय. त्यात रिव्ह्यू असा एक पर्याय टाका आणि तो निवडला की विचारा, कशाचा, वस्तूचा, पुस्तकाचा, की एकदाच झालेल्या कार्यक्रमाचा. आणि अनुभव एकदाचा आहे की रोजचा. एवढं कळलं तर तुमचं टूल "वेअर सॉफ्ट" असं सुचवणारच नाही. ते झालं तर उरलेल्या दोन स्टारपैकी निदान दीड तरी मी त्याच दिवशी येऊन वाढवेन.